ठिबकला ॲसिड, आणि ट्रॅक्टरला तेच बोअरचं पाणी?



आजचा मेसेज पिकाचा नाही, ट्रॅक्टरचा आहे. हरभरा-गहू निघाला, आता नांगरटी आणि रोटाव्हेटर सुरू होतील. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात ट्रॅक्टर गरम झाला की आपण काय करतो? बांधावरची कळशी आणतो, रेडिएटरमध्ये ओततो आणि पुन्हा चालू.

माझं स्पष्ट मत आहे, हे बंद झालं पाहिजे.

आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते ठिबकवाल्या प्रत्येकाला माहीत आहे. लॅटरल कापून बघितली की आत पांढरा थर. म्हणून आपण ॲसिड ट्रीटमेंट करतो, ड्रिपर मोजतो, फिल्टर धुतो. तेच पाणी इंजिनमध्ये ८०-९० डिग्रीला तापतं, म्हणजे क्षार आणखी लवकर बसतो. बंबाच्या आत जसा बसतो, तसाच. रेडिएटरच्या नळ्या ड्रिपरसारख्याच बारीक. हजार-दोन हजारांच्या लॅटरलची काळजी घेतो आणि लाखांच्या इंजिनची नाही!

कुलंटचं नाव काढलं की ठरलेलं उत्तर येतं, "भाऊ, आठे कोठे बरफ पडस?" खरं आहे. धुळ्यात थंडीत पारा ५-६ च्या खाली जातो, पण रेडिएटर गोठत नाही. डब्यावर 'अँटीफ्रीझ' लिहिलंय म्हणून हा घोळ झालाय. आपल्याला ते गोठण्यासाठी नकोच आहे. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी केलं तर ते १०० ऐवजी साधारण १०७ डिग्रीला उकळतं, आणि झाकणाच्या दाबाने आणखी वर. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यातली गंजरोधक औषधं. साध्या पाण्यावर चालणाऱ्या डिझेल इंजिनच्या लायनरला बाहेरून सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात. खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये.

आमच्या घरी हे झालंय. आप्पांनी वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी टाकलं. वर एका मिस्त्रीने "खान्देशात याची गरज नाही" म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. ऐन पेरणीच्या तोंडावर डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. हेड उतरलं, लायनर बदलले, आणि आम्ही शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत वाफसा घालवला. पैशापेक्षा तो वाफसा मला जास्त लागला. थर्मोस्टॅट काढू देऊ नका. खराब असेल तर नवीन बसवा.

आता धुवायचं कसं. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो सकाळी. गरम असताना झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. रेडिएटरखालचा कॉक उघडा, आणि इंजिन ब्लॉकचाही. हा दुसरा बहुतेक जण विसरतात आणि निम्मी घाण आतच राहते. मग आरओचं पाणी भरून वरचा पाइप गरम होईपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या, सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच परत. थर जाडच असेल तर रेडिएटरवाल्याकडे न्या. ठिबकचं ॲसिड इथे अजिबात नको, ते ॲल्युमिनियम आणि झाळ खाऊन टाकतं.

भरताना डब्यावर बघा, रेडीमिक्स आहे की कॉन्सन्ट्रेट. रेडीमिक्समध्ये पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट नुसतं ओतायचं नाही, नुसतं ग्लायकॉल मिश्रणापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल-निळा हा कंपनीचा रंग आहे, दर्जा नाही. आयएस ५७५९ लिहिलेलं आहे का आणि ट्रॅक्टरच्या पुस्तकात कोणतं सांगितलंय ते बघा. दोन प्रकार एकत्र करू नका. सुट्या कॅनमधलं हिरवं पाणी तर नकोच. आणि हो, बाहेरून रेडिएटरच्या जाळीत मळणीचा भुसा अडकला असेल तर आतलं सगळं करून उपयोग नाही. आतल्या बाजूने हवा मारा.

जुनं कुलंट टबात धरा, झाकणाच्या कॅनमध्ये ठेवा. ते चवीला गोड असतं आणि विषारी आहे. कुत्रं, वासरू चाटून मरतं. लहान मुलांचा हात पोचेल तिथे तर नकोच. चारीत, विहिरीजवळ ओतू नका.

माझ्या मते हे आपण गटाने घ्यावं. खत एकत्र आणतो, तसं डिस्टिल्ड पाणी आणि कुलंटही एकत्र आणता येईल. ज्यांना पाहिजे त्यांनी ट्रॅक्टरचं मॉडेल आणि किती लिटर लागतं ते याच नंबरवर पाठवा. रविवारपर्यंत नावं आली तर नांगरटीच्या आधी माल येईल.

– तुमचा कृषी सल्लागार