ताणा कशाने तुटला?

भिवंडीच्या यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला, की माग थांबतो आणि मागाबरोबर कामगाराची कमाईही थांबते. कारण त्याची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. अशा वेळी दोष कोणाचा, याचा निवाडा फार लवकर होतो. कोणी सूत हलके असल्याचे सांगतो, कोणी खळीवर ठपका ठेवतो, कोणी कोरड्या हवेला बोल लावतो. आणि कित्येकदा सारा दोष कामगाराच्या हातावर येऊन पडतो. यांपैकी खरे कारण कोणते, हे ठरविण्याची एक साधी रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बाकीच्या जशाच्या तशा ठेवाव्यात आणि मग काय घडते ते मोजावे. ही रीत सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या तासाला मुलांच्या अंगवळणी पडावयास हवी. दुर्दैव असे, की अनेक शाळांतून त्या तासाला इतर पुष्कळ शिकविले जाते आणि नेमकी एवढीच गोष्ट राहून जाते.

बीज रुजण्याचा जुना प्रयोग घ्या. एका पट्टीला तीन बिया बांधून ती पाण्याच्या पेल्यात उभी करावयाची. वरची बी कोरडी, मधली अर्धी पाण्यात, खालची पूर्ण बुडालेली. मधली नीट रुजते. मुले आकृती काढतात आणि ‘बीज रुजण्यास हवा व पाणी दोन्ही लागतात’ हे अनुमान फळ्यावरून उतरवून घेतात. परंतु तिन्ही बिया एकाच जातीच्या का हव्यात, पेला एकाच जागी का असावा, वरची व मधली यांत फरक केवळ पाण्याचाच का, हे विचारले तर वर्ग गप्प बसतो. खालची बी मुळात किडकी निघाली तर काय, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही येत नाही. उत्तर आधी ठाऊक आणि प्रयोग नंतर, असा हा उलटा क्रम आहे. त्याला प्रयोग म्हणण्यापेक्षा प्रात्यक्षिकाचा उपचार म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

यात परिभाषेनेही भर घातली आहे. बीजगणितात ‘चल’ म्हणजे क्ष किंवा य, अशी मुलाची समजूत झालेली असते. विज्ञानात तोच शब्द येतो तेव्हा स्वतंत्र चल, अवलंबी चल आणि नियंत्रित चल ही तीन नावे पाठ होतात, अर्थ मात्र हाती लागत नाही. वस्तुतः ही नावे तीन साध्या प्रश्नांची आहेत. आपण काय बदलले? त्यामुळे काय बदलले, हे कसे मोजले? आणि काय मुद्दाम तसेच ठेवले? हे तीन प्रश्न आधी रुजवावेत. नावे मागाहून आली तरी बिघडत नाही.

हे रुजविण्यासाठी भिवंडीच्या शाळांना महागडी उपकरणे नकोत. खळ न लावलेल्या सुती धाग्याचा एक कोन मिळाला तरी पुरे. त्यातून सारख्या लांबीचे दहा तुकडे कापावेत. पाच कोरडे ठेवावेत, पाच पाण्यात भिजवावेत. प्रत्येक तुकडा एकाच खिळ्याला बांधून खाली हलका डबा टांगावा आणि धागा तुटेपर्यंत त्यात चमचा चमचा वाळू घालावी. भिजलेला सुती धागा साधारणतः अधिक वजन पेलतो. ‘ओले ते कच्चे’ मानणाऱ्या मुलाला याचे नवल वाटते; आणि कोरड्या हवेत सुती ताणा अधिक का तुटतो, हेही त्याला उमगू लागते. मग तीच कृती व्हिस्कोसच्या धाग्यावर करावी. तेथे निकाल उलटतो. तो धागा ओला झाला की दुबळा होतो. पॉलिएस्टरवर पाण्याचा फारसा परिणामच होत नाही. एका धाग्यावरून काढलेले अनुमान सर्व धाग्यांना लागू करू नये, हा धडा कोणत्याही व्याख्येवाचून मिळतो. एखादा तुकडा गाठीपाशीच तुटला तर तो का मोजू नये, यावर वर्गात वाद होईल. तो वाद म्हणजेच विज्ञानाचा खरा तास होय.

अशी तुलना केवळ शाळकरी खेळ नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला आणि डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची परीक्षा झाली. लस घेण्यास तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली. बाकीचे तसेच राहिले. भिंती त्याच, अन्न तेच, साथ तीच, फरक लसीचा. लस घेतलेल्यांत प्लेगचे प्रमाण कमी आढळले, तेव्हा लसीच्या बाजूने बोलणारा पुरावा हाती आला. तथापि येथेही चिकित्सक विद्यार्थी शंका काढू शकेल, की स्वेच्छेने पुढे आलेले कैदी मुळातच इतरांहून धडधाकट असतील तर? ही शंका सुचणे, हीच ‘चल’ समजल्याची खूण आहे.

अभ्यासक्रमाचा बोजा आणि भरलेले वर्ग यांची अडचण खोटी नाही. परंतु ती अनुल्लंघ्यही नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा ग्रामीण शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. साध्या साहित्यानिशी, मुलांच्या हातून प्रयोग करवीत आणि परीक्षेत पुस्तक जवळ बाळगू देत तो पुढे वाढला व २००२ साली शासनाने बंद करीपर्यंत तीस वर्षे चालला. म्हणजे बाधा साहित्याची नाही. परीक्षेत काय विचारले जाते, याची आहे. अपेक्षित निकाल लिहिणाऱ्याला पूर्ण गुण आणि वेगळा निकाल प्रामाणिकपणे नोंदवून त्याचे कारण शोधणाऱ्याला भोपळा, असे जोवर चालेल, तोवर प्रयोगवह्या सुबक राहतील आणि बुद्धी मात्र परावलंबी राहील. वर्षातून चार प्रयोग कमी झाले तरी चालतील. जे होतील त्यांत मुलाने स्वतः काही बदलून पाहिले का, याला गुण मिळाले पाहिजेत.

वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत समाविष्ट झाले. कर्तव्य घटनेत लिहिल्याने अंगी बाणत नाही. ते वर्गातल्या खिळ्याला टांगलेल्या धाग्यापासून सुरू होते. भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी मुले वेगवेगळ्या माध्यमांतून शिकतात. मागाच्या खडखडाटाची भाषा मात्र सर्वांना एकच कळते. त्यांतील कोणी उद्या मागावर उभा राहील, कोणी कारखाना चालवील, कोणी दवाखान्यात रुग्ण तपासील. ताणा तुटल्यावर ‘कोणाचा दोष?’ असे विचारण्यापूर्वी ‘काय बदलले होते?’ असे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर निदान निरपराध हातांवर येणारा बोल तरी टळेल.