३१ मार्चचे घोडे

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा एक कागद नाचवत घरी आला. नोकरी लागल्यावर घेतलेली त्याची जुनी, टर्बो असलेली छोटी डिझेल गाडी त्याने एका गॅरेजात नेऊन ‘रिमॅप’ करून आणली होती. इंजिनात नवे काही बसवले नव्हते. डिझेल किती सोडायचे आणि टर्बोने हवा किती दाबायची हे ठरवणाऱ्या संगणकातले आकडे तेवढे बदलले होते. ‘मामा, वीस घोडे वाढले!’ तो म्हणाला. मी विचारले, ‘कुठे वाढले?’ मामाला काही कळलेच नाही अशा चेहऱ्याने तो म्हणाला, ‘कुठे म्हणजे? इंजिनात!’

माझा प्रश्न मोटारवाल्याचा नव्हता, बँकवाल्याचा होता. उभा जन्म बँकेत काढला. ३१ मार्चला शाखेच्या ठेवींचे उद्दिष्ट गाठण्यासाठी ओळखीच्या व्यापाऱ्यांचे उंबरठे झिजवले. दोन दिवसांसाठी पैसे ठेवा, म्हणून गळ घातली. त्या रात्री शाखा मालामाल व्हायची आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवी आल्या पावली परत जायच्या. वरच्या कार्यालयाला कळवलेला आकडा खोटा नसे. तो एका दिवसाचा असे, इतकेच. गाडीच्या जाहिरातीतली हॉर्सपॉवर हा असाच ३१ मार्चचा आकडा आहे.

टॉर्क आणि हॉर्सपॉवर यांतला फरक ज्यांनी घरात जाते पाहिले आहे त्यांना समजायला जड नाही. जात्याच्या खुंट्यावर हात जो जोर लावतो आणि तो खुंटा मध्यापासून जितका लांब असतो, त्यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. जाते मिनिटाला किती वेढे घेते ती झाली गती. आणि या दोहोंच्या गुणाकारातून तासाभरात जे काम उरकते ती शक्ती, म्हणजे हॉर्सपॉवर. जोर भरपूर पण जाते रेंगाळत फिरते, तर पीठ थोडे. जाते भरभर फिरते पण जोर नाही, तर दाणे अख्खेच बाहेर. घोड्याचे माप जेम्स वॅटने आपली वाफेची इंजिने खपवण्यासाठी रूढ केले. आज मेट्रिक घोडा म्हणजे ७५ किलोचे वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे. तेव्हा टॉर्क आणि हॉर्सपॉवर या दोन वेगळ्या देणग्या नाहीत. न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, ७०२४ ने भागा, घोडे हातात येतात.

आपल्या सर्वांच्या परिचयाची जुनी स्विफ्ट डिझेल घ्या. माहितीपत्रकात ४००० फेऱ्यांना ७५ घोडे आणि २००० फेऱ्यांना १९० न्यूटन-मीटर. आता वहीत मांडून पाहा. २००० फेऱ्यांना घोडे भरतात ५४. आणि ४००० फेऱ्यांना, जिथे घोडे सर्वांत जास्त, तिथे टॉर्क उरतो जेमतेम १३२. म्हणजे जोराचा आणि घोड्यांचा मुक्काम वेगवेगळ्या गावी. आणि डिझेल गाडी चालवणारा माणूस दिवसभर असतो कुठे? दीड हजार ते अडीच हजार फेऱ्यांच्या दरम्यान. ४००० ला तो क्वचितच जातो.

टर्बोमुळे हा हिशेब आणखी गमतीदार होतो. टर्बो म्हणजे लोहाराचा भाता, पण भट्टीच्याच धुरावर चालणारा. इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायू एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र हवा दाबून आत ढकलते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. पण फेऱ्या कमी असल्या की धूर कमी आणि भाता सुस्त. म्हणून पाय दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग एकदम उसळते.

आता रिमॅप करणारा काय करतो ते पाहा. त्याला छापायला मोठा आकडा हवा. ४००० फेऱ्यांना २६ न्यूटन-मीटर वाढवले की ७५ चे ९० घोडे झाले. पण त्यासाठी लहानशा टर्बोला त्याच्या ताकदीबाहेर पळवावे लागते, वायू अधिक तापतो. आणि गिऱ्हाइकाला पाठीला धक्का बसलेला आवडतो, म्हणून २००० ला पन्नासेक न्यूटन-मीटर चढवले जातात. तिथे घोडे दिसतात ६८, म्हणजे जाहिरातीला निरुपयोगी. पण क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिनातल्या दांड्या घोडे मोजत नाहीत, टॉर्क सोसतात. कागदावर जो आकडा छापलेला नसतो, नेमका तोच गाडी मोडतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, बाजूच्या सीटवर बसून शिकलो आहे. त्याच पावसाळ्यात भाच्याबरोबर ताम्हिणी घाट चढत होतो. पुढे भरलेला टेम्पो. त्याने तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला आणि गाडी बाहेर काढली. फेऱ्यांचा काटा सरसर वर गेला, गाडी मात्र होती तिथेच. करपल्याचा वास सुटला. वळणावरून एस.टी. येत होती. एस.टी.च्या चालकाने ब्रेक दाबला म्हणून हा लेख लिहितो आहे. वाढलेला जोर क्लचला पेलला नव्हता. प्लेट घसरली होती. दोघेही बराच वेळ रस्त्याकडेला पावसात उभे होतो. बहिणीला अजून यातले काही सांगितलेले नाही.

यावर काही जाणकार सांगतात, हॉर्सपॉवर थापा, खरा तो टॉर्क. हेही अर्धसत्य. गिअर म्हणजे कॅशियरच्या खिडकीवरची मोड. फेऱ्या द्या, टॉर्क घ्या. शंभराच्या नोटेची चिल्लर झाली तरी रक्कम शंभरच. ठरावीक वेगाला चाकाशी ओढ किती मिळेल हे अखेर त्या क्षणी इंजिन देत असलेल्या घोड्यांवरच ठरते. म्हणून घाटात गाडी ओढत नसेल, तर आधी एक गिअर खाली टाकावा. भाच्याची निम्मी तक्रार तिथेच फुकटात मिटली असती.

माझे मत स्पष्ट आहे. रोजच्या रस्त्यावरच्या गाडीत असले फेरफार करू नयेत. कंपनीची हमी जाते, धूर वाढू शकतो, आणि मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करण्याला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळते. आणि ज्याला शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर हौस भागवायचीच आहे, त्याने एका आकड्यावर भुलू नये. आधीचा आणि नंतरचा सबंध आलेख मागावा, क्लच आणि गिअरबॉक्स किती टॉर्क सोसतात ते विचारावे आणि त्याच्या अलीकडेच थांबावे. कर्ज देताना आम्ही वर्षाची उलाढाल ऐकून घ्यायचो, पण सही करायचो ती बारा महिन्यांचा खातेउतारा पाहून.

भाच्याने नवी प्लेट घातली, संगणकातले जुने आकडे परत बसवून घेतले. परवा तो टर्बो पेट्रोल गाडी पाहायला गेला, मलाही नेले. विक्रेता घोड्यांचा आकडा सांगू लागला. भाचा शांतपणे म्हणाला, ‘ते ठीक आहे. पण कुठे?’