शेजाऱ्याची सवलत

परवां आमच्या नातवानें वर्तमानपत्र वाचतां वाचतां विचारलें, "आजोबा, एका दुकानीं माल महाग वाटला, तर माणूस दुसऱ्या दुकानीं जातो. मग युक्रेन वायूसाठीं रशियाशींच इतकीं वर्षें कां भांडत बसला?" प्रश्न बाळबोध खरा, परंतु सर्व मर्म त्यांतच आहे.

धान्य गलबतांत भरून कोणत्याहि बंदरीं नेतां येतें. नैसर्गिक वायु थंड करून, द्रवरूप करूनच जहाजांत भरावा लागतो, आणि तें काम मोठ्या खर्चाचें. म्हणून शेजारी देश जमिनींत नळ पुरतात. एकदां नळ पुरला, कीं विकणारा आणि घेणारा एकमेकांस बांधले गेले. सोव्हिएट संघ एक होता तोंवर ही अडचण कोणास जाणवली नाहीं. १९९१ सालीं घराची वांटणी झाली. वायूचे मोठे सांठे एका भावाकडे, आणि युरोपास जाणारा मुख्य नळ दुसऱ्याच्या अंगणांतून, अशी स्थिति झाली.

वांटणीनंतरहि युक्रेनला वायु स्वस्त मिळे. २००५ सालीं हजार घनमीटरला ५० डॉलर पडत. रशियाच्या गाझप्रॉम कंपनीनें पुढें २३० मागितले आणि १ जानेवारी २००६ रोजीं युक्रेनचा पुरवठा तोडला. थोड्याच दिवसांत ९५ डॉलरांवर तडजोड झाली. २००९ च्या जानेवारींत पुनः तेंच. एकानें थकबाकी मांडली, दुसऱ्यानें वाहतुकीचें भाडें. त्या ओढाताणींत युरोपास जाणारा वायूहि जवळजवळ दोन आठवडे बंद पडला. भांडण दोघांचें, ऐन थंडींत गारठलीं तीं मात्र बल्गेरियांतील घरें!

२०१० सालीं रशियानें दरांत सुमारें तीस टक्के सूट दिली. मोबदल्यांत सेव्हास्तोपोल बंदरांत रशियन आरमारास २०१७ नंतर आणखी २५ वर्षें राहण्याची मुभा मिळाली. २०१४ मध्यें रशियानें क्रिमियाच बळकाविला. बंदर हातीं आलें; मग सूट कशाला? त्याच एप्रिलांत सवलती गेल्या आणि दर २६८ वरून ४८५ डॉलरांवर चढला.

नातवास जें सुचलें, तें युक्रेननें अखेर केलें. २०१५ च्या नोव्हेंबरांत त्यानें रशियाकडून थेट खरेदी थांबविली आणि स्लोव्हाकिया, हंगेरी, पोलंड यांच्या बाजूनें वायु घेतला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या अंगणांतून युरोपाकडे जाणारा रशियन वायूहि बंद झाला.

शेजाऱ्याची सवलत घेऊं नये, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र तिचा मोबदला कोणत्या वहींत लिहिला जात आहे, हें घरांतील कर्त्या माणसानें पहिल्याच दिवशीं पाहून ठेवावें.