हौस या शब्दाविरुद्ध

काही महिन्यांपूर्वी अमरावतीच्या एका व्याख्यानमालेत 'मराठी साहित्यातील आई' या विषयावर बोलण्याचा योग आला. मराठीच्या प्राध्यापकाने अशा वेळी जे करावे तेच मी केले. 'श्यामची आई'पासून सुरुवात केली आणि शेवटी आईच्या हातच्या गोधडीवर आलो. जुन्या लुगड्यांचे थर, त्यांत साठलेली माया, टाक्याटाक्यांतील ऊब वगैरे. टाळ्या चांगल्या पडल्या. आमची आई दुसऱ्या रांगेत बसली होती. बडनेऱ्याला परतताना ऑटोत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबू, थे मायाबिया लोकाइले नोको सांगत जाऊ. रात्रीरात्री जागून शिवल्या म्या त्या. बोटं पाहाय माह्ये."

प्रस्तुत लेख हे त्या वाक्याला दिलेले उत्तर आहे. आणि उत्तर म्हणजे कबुली, हे आधीच सांगून टाकतो.

नवी वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत जे काही कापडाचे वा सुताचे होते ते सारे आईच्या हातचे होते. दाराला क्रोशाचे तोरण, रेडिओवर आणि पुढे टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, देवघरात आसन, पाळण्यावर झालर, पायपुसणी, पिशव्या, उशांचे अभ्रे आणि गोधड्या. पायाने चालवायच्या शिवणयंत्राचा आवाज हा आमच्या अभ्यासाचा पार्श्वध्वनी होता. पाहुणे येत, तोरणाला हात लावून पाहत आणि म्हणत, "वहिनींना हौस भारी." वडीलही मान डोलवीत. आम्हीही तेच शिकलो. आईला हौस आहे.

ही हौस काय करीत होती ते मला फार उशिरा, आईच्या ट्रंकेत दोनशे पानी वही सापडल्यावर कळले. वहीच्या एका बाजूला शेजारणींची मापे, दुसऱ्या बाजूला हिशेब. ब्लाउज, परकर, साडीचा फॉल, झबली-टोपडी, लग्नातल्या रुखवतासाठी क्रोशाचे रुमाल. कुणाकडून किती आले, कुणाकडे किती राहिले. वडिलांची नोकरी सुटली होती त्या दीड वर्षाची पाने सर्वांत दाट भरलेली आहेत. माझ्या बारावीची फी त्यात आहे. त्या दीड वर्षाविषयी घरात आजही असे सांगितले जाते की 'कसेबसे निभावले'. कर्ता नसलेले हे वाक्य. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला त्यातला लपविलेला कर्ता तीस वर्षे दिसू नये, याला काय म्हणावे?

तर मुद्दा असा. 'हौस' हा शब्द कौतुकाचा वाटतो, परंतु व्यवहारात तो वजाबाकीचे चिन्ह आहे. जे काम हौस ठरते त्याचे तास मोजले जात नाहीत, त्याची मजुरी विचारली जात नाही, त्यातले कौशल्य हे कौशल्य म्हणून नोंदले जात नाही. आपल्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी व्यक्ती काम न करणाऱ्यांत मोजली जाते. शिवण विकणाऱ्या बाईला वास्तविक कामकरी म्हणून मोजायला हवे. पण दाराशी आलेल्या प्रगणकाला घरातला पुरुष 'ती घरीच असते' असे सांगतो आणि रकाना भरला जातो.

हे केवळ आमच्या घरचे गाऱ्हाणे नव्हे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी आंध्रातील नरसापूर परिसरातल्या क्रोशाच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे रुजविलेले हे विणकाम परदेशी बाजारपेठेत जात होते, व्यापारी त्यावर श्रीमंत होत होते, आणि विणणाऱ्या हजारो बायकांची गणना मात्र फावल्या वेळात काही करणाऱ्या गृहिणी अशी होत होती. मीस यांचे प्रतिपादन असे की गृहिणी ही ओळखच मजुरी तळाला ठेवण्याचे साधन ठरली होती. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव नोंदले गेले ते चांगलेच झाले. विणणारीचे नाव अजून कुठल्या रकान्यात बसते ते शोधायचे आहे.

आणि वऱ्हाडाने तरी हे विसरू नये. भुसावळ ते नागपूर हा लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला तो आमच्या बडनेऱ्यावरून, आणि त्याच्या मुळाशी कापूस होता. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला तेव्हा या काळ्या मातीचे मोल साहेबाला कळले. इथला कापूस बाहेर जाऊ लागला आणि बाहेरचे कापड इथे येऊ लागले. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात या व्यापाराने इथल्या विणकरांचे आणि शेतकऱ्यांचे काय केले ते सविस्तर मांडले आहे. कच्चा माल पिकविणाऱ्याकडे मोल राहत नाही, हा धडा वऱ्हाडी माणूस सभेत तावातावाने सांगतो. तोच माणूस घरी येऊन बायकोने शिवलेल्या गोधडीत पाय गुंडाळून झोपतो. शोषणाचे अर्थशास्त्र आपल्याला कापसापर्यंत समजते. सुईपर्यंत ते पोचत नाही.

आता माझ्या बिरादरीकडे वळतो. पाहुण्यांनी हौस म्हटले, आम्ही प्राध्यापकांनी माया म्हटले. दोन्हींचा परिणाम एकच. मराठी साहित्यव्यवहारात आई ही भावनेचा झरा आहे, वस्तूची निर्माती नाही. गोधडी हे आपल्याकडे रूपक आहे. ती किती लुगड्यांची, थर कसे घातले, धावदोरा कडेकडेने आत कसा नेला, कापड चुणू नये म्हणून हात कसा ठेवला, याविषयी आपल्याला काडीचे कुतूहल नाही. क्रोशाची तर स्वतंत्र परिभाषा आहे. साखळी, खांब, मुका खांब. वाचता न येणाऱ्या बाया एकमेकींचा नमुना हातात घेऊन, खांब मोजून तो जसाच्या तसा उतरवीत. हे पाठांतर आहे, पाठभेद आहे, परंपरा आहे. संहितेविषयी एवढे बोलणाऱ्या आम्हां लोकांना ही संहिता वाटली नाही.

उलट उदाहरणे आपल्याजवळ आहेत. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी कागदावर उतरल्या आणि १९५२ मध्ये त्यांचे पुस्तक झाले म्हणून आज त्या अभ्यासक्रमात आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या. म्हणजे दळणारीच्या तोंडून जे निघाले ते आपण साठविले. शिवणारीच्या हातून जे निघाले ते पायपुसण्यात संपू दिले. बंगालात गुरुसदय दत्तांनी कांथा गोळा केल्या, त्यांचे संग्रहालय कोलकात्याजवळ आहे. त्यातील एका कांथेवर मानदासुंदरी दासी या शिवणारीने आपले नाव दोऱ्यानेच लिहून ठेवले आहे. तिचा ठाव त्यामुळे लागतो. आमच्या गोधड्यांवर नावे नाहीत, आणि ती विचारून लिहून घेण्याची तसदी आम्ही घेतली नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आईच्या कामाला मजुरीच्या तराजूत घातले की त्यातले प्रेम नाहीसे होते; शिवाय तिला त्यात आनंद मिळत होताच की. आनंद मिळत होता, हे खरे. नवा नमुना साधला की आई शेजारणीला हाक मारून दाखवी. परंतु आनंद आणि दाम यांचे वैर कुणी ठरविले? आम्हां प्राध्यापकांना अध्यापनाचा आनंद मिळतो असे आम्ही दर शिक्षकदिनी सांगतो. तेवढ्यावरून वेतन आयोगाची थकबाकी कुणी परत केल्याचे ऐकिवात नाही. आनंद हा मोबदल्याऐवजी पुरेसा असतो, हा नियम फक्त बायकांच्या हातांना लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. हे सारे कला म्हणून गौरवा, चौकटीत लावा, म्हणजे न्याय होईल. मला तेही पुरेसे वाटत नाही. आईच्या तोरणाला काच बसविली तर पाहणारा पुन्हा हौसच पाहील, फक्त जरा मोठ्याने. तिच्या वहीशेजारी ते तोरण ठेवले तर मात्र हिशेब दिसेल.

म्हणून मराठी विभागांना माझी सूचना साधी आहे. क्षेत्रीय प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना म्हणी-वाक्प्रचार गोळा करायला आपण पाठवितोच. त्यांना एकदा घरीच पाठवावे. आईने, आजीने केलेली एक वस्तू घ्यावी. ती कोणी, केव्हा, कशापासून केली, किती रात्री लागल्या, विकली असती तर काय आले असते, नमुना कोणाकडून आला, हे तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. 'माया', 'ऊब' आणि 'हौस' हे तीन शब्द वापरण्यास मनाई असावी. काय उरते ते पाहावे.

मी सुरुवात केली आहे. आईच्या दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू आहे. बारीक सुईचे काम आता होत नाही. संध्याकाळी ती जुने तोरण मांडीवर घेते, बोटांनी चाचपत खांब मोजते आणि मी लिहितो. परवा माझ्या नोंदीत एका ओळीला बावन्न खांब आले, तिच्या मोजणीत चोपन्न. मी पुन्हा मोजले. चोपन्नच होते.