ट्रॉली भरली म्हणून ट्रॅक्टर भंगारात?

सातारा-सांगलीच्या मंडळींनो, पोस्ट जरा मोठी आहे, पण पैसा आपला आहे म्हणून वाचा.

एका पतसंस्थेचं कोटेशन पाहण्यात आलं. कुठली ते विचारू नका, दोन्ही जिल्ह्यांत हेच चाललंय. तक्रार काय, तर सर्व्हरची डिस्क भरली. उपाय काय, तर सर्व्हरच नवा घ्या! जुना बायबॅकमध्ये, म्हणजे कवडीमोलानं जमा. मशीन लिनक्सवर चालणारं, प्रोसेसर दिवसभर निवांत, रॅम पुरेशी. भरली ती फक्त डिस्क. उसाची ट्रॉली भरली म्हणून ट्रॅक्टर विकणारा एक शेतकरी दाखवा मला वाळव्यात.

"नवी डिस्क जुन्या सर्व्हरला चालत नाही हो," हे ठरलेलं उत्तर. अर्धवट माहिती आहे ही, आणि संचालक मंडळ तेवढ्यावर सही करतं.

आजची ६ जीबीपीएसची साटा डिस्क जुन्या ३ जीबीपीएसच्या पोर्टवर बिनतक्रार चालते. फिरणारी डिस्क सेकंदाला दोन-अडीचशे एमबीच्या पुढं फारशी जातच नाही, जुन्या पोर्टला ते जड नाही. अडतं ते दोन टीबीपाशी. जुनी एमबीआर पद्धत ५१२ बाइटचे तुकडे ३२ बिटांत मोजते, तिचा हिशोब २.२ टीबीला संपतो. त्यावर जीपीटी आहे आणि लिनक्सला ती कित्येक वर्षं येते. बायोस जुना असला तरी मशीन जुन्याच छोट्या डिस्कवरून सुरू करायचं, नव्या डिस्क नुसत्या डेटासाठी. नव्या दोन घ्या, मिरर करा, आणि एलव्हीएम असेल तर त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये जोडा. एका संध्याकाळचं काम आहे. अर्थात आधी बॅकअप घेऊनच.

खरी गोची रेड कार्डाची. काही जुनी कार्डं २ टीबीच्या पुढं मोजूच शकत नाहीत. तीन टीबीची डिस्क लावली की स्क्रीनवर दिसतात ७४६ जीबी, आणि मग दुकानदाराशी भांडण, 'डुप्लिकेट दिली' म्हणून! डिस्क चांगली असते, मोजणाऱ्याची फूटपट्टी आखूड असते. अशा वेळी कार्ड बदला. सर्व्हर कशाला बदलता?

दुसरी फसगत स्वस्त डिस्कची. एसएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात. घरच्या फोटोंना ठीक, पण रेडमध्ये एक डिस्क गेली आणि नवी भरायला घेतली की ती रखडते, कधी बाहेरच फेकली जाते. वेस्टर्न डिजिटलनं २०२० मध्ये कबूल केलं की त्यांच्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर होत्या, आणि ती मालिका विकली जात होती नॅससाठी! म्हणून बिलावर मॉडेल नंबर हवाच, नुसतं '४ टीबी हार्डडिस्क' नको.

आता कुणी म्हणेल, जुनं किती दिवस ओढायचं? कॅपॅसिटर फुगलेत, पार्ट मिळत नाहीत, वीज जास्त खातंय, तर बदला की. माझा विरोध नव्याला नाही, कारण न विचारता बदलण्याला आहे. सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले, हेही कारण सांगितलं जातं. पण ती ऑपरेटिंग सिस्टम आहे, लोखंड नव्हे. ती बदलता येते, डेबियनला लायसनचा रुपया लागत नाही.

वाचलेल्या पैशाचं काय करायचं, हा खरा मुद्दा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ ची असताना. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरलं की चार डिस्कची रेड चारही डिस्कसकट बुडते. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे किती सभांमध्ये सांगायचं? पाणी सातारहून सांगलीला येतं, डेटा उलट दिशेनं पाठवा. सांगलीच्या संस्थांची दुसरी प्रत अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी ठेवा, सातारकरांनी आपली सांगलीत ठेवावी, पण वरच्या मजल्यावर. लागतो तो एक जुना सर्व्हर आणि दोन मोठ्या डिस्क. तोच सर्व्हर आपण बायबॅकमध्ये घालवतोय राव!

आणि जाताना तो रिकामा जात नाही. त्याच्या डिस्कवर सभासदांची खाती, आधार, सह्यांचे नमुने असतात. डिलीट केलं म्हणजे पुसलं असं होत नाही.

सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होतील. अहवालात 'संगणक खरेदी' अशी ओळ दिसली की उठून विचारा: जुन्यात डिस्क का वाढवली नाही, कार्ड कोणतं होतं, दुसरी प्रत कुठल्या गावात आहे? आणि जुन्या डिस्क कोणी, कधी, कशानं पुसल्या हे इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.