अपस्मार आणि औषधाची वाट

घोरावाडीच्या स्थानकावर लोकल गाडींत बसलेला मनुष्य सुमारें तासाभरांत पुण्यास पोंचतो, आणि तेथें मेंदूच्या विकारांचे तज्ज्ञ त्यास भेटूं शकतात. परंतु आंदर मावळांत किंवा पवन मावळांत डोंगराच्या कुशीस वसलेल्या वाडीवरून निघणाऱ्यास हेंच पुणें फार दूर आहे. त्याची एका दिवसाची मजुरी बुडते, आणि सोबत येणाऱ्याचीही बुडते. अपस्मार, ज्यास आपण घरांत फेंफरें किंवा फिट म्हणतों, त्याचा विचार करतांना हें अंतर ध्यानांत घेतलें पाहिजे. कारण त्यावरील औषध एकदां घेऊन भागत नाहीं, तें बहुधा वर्षानुवर्षें, एकही दिवस न चुकवितां, घ्यावें लागतें.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें ५ कोटी लोकांस अपस्मार आहे, व त्यांपैकीं शेंकडा ८० च्या जवळपास अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व उपचार झाल्यास शेंकडा ७० पर्यंत रोगी झटक्यांवांचून आयुष्य घालवूं शकतील, असें तीच संघटना सांगते. तरी गरीब देशांतील चारांपैकीं तिघांस हा उपचार मिळत नाहीं. औषधच दुर्मिळ आहे म्हणावें, तर फेनोबार्बिटल हें औषध या रोगावर १९१२ सालापासून वापरांत आहे व तें अत्यंत स्वस्त आहे. तेव्हां उणीव विद्येची नसून व्यवस्थेची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शहरांत आणखी मोठीं इस्पितळें उभारलीं म्हणजे हें अंतर मिटेल, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. प्रत्येक गांवीं मेंदूचा तज्ज्ञ बसणें शक्य नाहीं. परंतु तज्ज्ञानें एकदां ठरवून दिलेलें औषध जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत दरमहा खंड न पडतां मिळणें मुळींच अशक्य नाहीं. औषध मध्येंच तुटलें कीं झटके पुन्हां येतात. २०२२ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें या विकारांसाठीं २०३१ पर्यंतची योजना मंजूर केली आहे. ती सफळ झाली कीं नाहीं, हें अशा केंद्राचें औषधाचें कपाट उघडून पाहिल्यानेंच कळेल.

याखेरीज एक अंतर आपण स्वतः निर्माण केलें आहे. झटका आलेल्या मुलास कांदा किंवा जोडा हुंगविणें, देवऋष्याकडे नेणें, मुलीचें लग्न जमणार नाहीं या भयानें रोग लपविणें, शाळेंतून नांव काढून घेणें, हें सर्व आजही घडतें. हिंदु विवाह कायद्यांतून अपस्माराचा अडथळा १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला. लोकांच्या मनांतून तो अद्याप निघालेला नाहीं. शुभवर्तमानांत एक बाप आपल्या अशाच मुलास समुदायापुढें घेऊन येतो, आणि प्रभु त्यास विचारतो कीं, हें याला किती काळापासून होत आहे. बापानें मुलास घरांत लपविलें असतें, तर तो प्रश्न कोणीं विचारलाच नसता.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलास असा विकार असल्यास त्यांनीं तो शिक्षकांस मोकळेपणानें सांगावा, आणि आपल्या केंद्रांत औषध आहे कीं नाहीं याची ग्रामसभेंत विचारणा करावी. विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें: सोबत्यास झटका आल्यास त्यास कुशीवर वळवावें, गळ्याजवळचे कपडे सैल करावे, टोंकदार वस्तु दूर साराव्या, तोंडांत कांहींही घालूं नये, व घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि तो बरा होऊन परत आला म्हणजे त्यास पूर्वीच्याच बांकावर आपल्याशेजारीं बसवून घ्यावें.