साखर मोजलीत, आता कच्चं इन्सुलिनही मोजा

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली



परिषदेच्या पाठबळाने झालेल्या इंडिॲब सर्वेक्षणाने २०२३ मध्ये देशापुढे आकडा ठेवला: १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर. राज्याराज्यांत फिरून केलेलं हे काम फार मोठं आहे. पण या माणसांचं स्वादुपिंड किती थकलंय, ते नुसत्या साखरेवरून कळत नाही. पुढच्या फेरीत तेही मोजावं, एवढ्यासाठी हे पत्र.

माझ्या ओपीडीत तिशी-पस्तिशीतले, काटक बांध्याचे, शेतात नाहीतर यंत्रमागावर राबणारे रुग्ण येतात. उपाशीपोटीची साखर १६०, पोट सपाट. 'वजन उतरवा' हे यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? एखादा लॅबमधून फास्टिंग इन्सुलिन करून आणतो. आकडा 'नॉर्मल'. तो विचारतो, "डॉक्टर, इन्सुलिन आहे ना, मग साखर का चढते?"

त्या साखरेला पुरेल एवढं ते नाही, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं पेशीच्या आत आहे. स्वादुपिंडातली बीटा पेशी आधी ८६ अमिनो आम्लांची सलग साखळी बनवते, प्रोइन्सुलिन. शिकागोत डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ साली ती उजेडात आणली. ती कापली गेली की मधला ३१ चा तुकडा, सी-पेप्टाइड, सुटतो, जोडावरची थोडी आम्लं गळतात आणि ५१ चं इन्सुलिन उरतं. निरोगी माणसातही थोडं प्रोइन्सुलिन तसंच रक्तात उतरतं. पण मागणी सतत वाढती राहिली की पेशीला उसंत मिळत नाही. गिऱ्हाईक दारात उभं म्हणून कुंभारानं आव्यातली मडकी कच्चीच काढावीत, तसं होतं. साखर उतरवण्याची प्रोइन्सुलिनची ताकद इन्सुलिनच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. टाइप टू मधुमेहात इन्सुलिनच्या तुलनेत त्याचं प्रमाण सुरुवातीलाच वाढलेलं असतं.

जुन्या तपासण्या या दोहोंत फरकच करत नसत. त्यामुळे या रुग्णांकडे इन्सुलिन मुबलक आहे, हा समज वर्षानुवर्षं टिकला. १९८९ मध्ये केंब्रिजच्या निक हेल्स यांच्या गटाने दोन्ही वेगवेगळी मोजली, तेव्हा खरी कमतरता उघडी पडली. आपल्याकडे तर असं वेगवेगळं मोजणं अधिकच निकडीचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि स्वीडनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की तरुणपणीच टाइप टू मधुमेह जडलेल्या इथल्या रुग्णांत तीव्र इन्सुलिन-कमतरतेचा गट सर्वांत मोठा आहे.

सरसकट सगळ्यांची प्रोइन्सुलिन चाचणी करा, असं मी म्हणत नाही. ती खर्चिक आहे, आणि मूत्रपिंड बिघडलं असेल तर आकडा फुगतो. सर्वेक्षणातला छोटा गट घ्या: नुकतंच निदान झालेले, औषध सुरू न झालेले, आणि त्यांच्याच गावातले निरोगी. उपाशीपोटीचं प्रोइन्सुलिन, इन्सुलिन, सी-पेप्टाइड एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीनं मोजा. पाच वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा बोलवा. वजन उतरल्यावर कोणाचं प्रोइन्सुलिनचं प्रमाण खाली आलं, कोणाला लवकर इन्सुलिनची सुई लागली, ते त्यातून दिसेल. आपल्या लोकांसाठीचे सामान्य आकडेही हाती येतील.

आणि एक विनंती. निष्कर्ष छापाल तेव्हा सडपातळ आणि स्थूल रुग्णांचे रकाने वेगळे ठेवा. औषध लिहिताना मला तेच लागणार आहेत.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक फिजिशियन